तेलाचा थेंबही नाही

“तेलाचा थेंबसुद्धा न्हाई घातला बघ,” आजी झाऱ्यानं धोंडा उलटा करत म्हणाली. “तुझ्या आईचा फोन आला, ह्यांना तेल चालत न्हाई म्हणून. म्हटलं, त्यात काय एवढं! धोंडे तुपात, अनारसे तुपात, भजी तुपात. आमटीची फोडणी, ती बी तुपाची. कसं?”

मी कढईत डोकावले. घरच्या म्हशीचं पिवळंधमक तूप, आणि त्यात पुरण भरलेले धोंडे विहिरीत उड्या टाकलेल्या पोरांसारखे वरखाली होत होते. वास असा, की आत्ताच जेवून उठलेल्या माणसानंही पुन्हा पाटावर बसावं. मी मागं वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात पप्पा उभे होते. पाणी प्यायला आले होते. तोंडी परीक्षेला अचानक नाव पुकारल्यावर आमच्या वर्गातल्या पोरांचा चेहरा होतो ना, अगदी तसा त्यांचा झाला होता.

“कसं, जावईबापू?” आजीनं त्यांनाच विचारलं.

“भारी,” पप्पा म्हणाले आणि पाणी न पिताच गेले.

भारी म्हणे!

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सातवीत होते. यंदा पुन्हा अधिक महिना आलाय, धोंड्याचा महिना, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचा. बार्शीहून आजीचा फोन आल्यापासून मला तो दिवस असा सारखा आठवतोय की अभ्यासाचं पुस्तक मिटून मी हे लिहायला घेतलंय.

त्या उन्हाळ्यात पप्पांच्या पोटात दुखायला लागलं. आता ‘दुखायला लागलं’ म्हटलं की कुणालाही वाटेल, ओवा खाल्ला की थांबेल. माझे पप्पा सोलापुरात यंत्रमाग दुरुस्त करतात. एकदा मागात बोट सापडलं तर फडकं गुंडाळून आधी माग चालू केला आणि मग दवाखान्यात गेले. असा माणूस भर दुपारी फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता आणि त्याच्या तोंडातून आवाजसुद्धा निघत नव्हता. आईनं रिक्षा आणली. डॉक्टर म्हणाले, पित्ताशयात खडे झालेत, त्यातला एक बारका खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला, म्हणून स्वादुपिंडाला सूज आली. पॅनक्रियाटायटिस. हा शब्द मी एका दमात म्हणायला शिकले. पुढं पप्पांचं पित्ताशय काढलं आणि डॉक्टरांनी आतले खडे एका छोट्या बाटलीत घालून आईच्या हातात दिले. काळपट, मिऱ्याएवढे. आई म्हणाली, शी, टाकून दे. मी कशाला टाकते! शाळेच्या मंत्रिमंडळात मी नुकतीच आरोग्यमंत्री झाले होते. त्याआधी वर्गात माझा आवाज फक्त हजेरीला निघायचा. पण एकदा दर सोमवारी सगळ्या वर्गांची नखं तपासायला लागल्यावर कुणाला घाबरायचं ते मी विसरूनच गेले. अशा मंत्र्याला खड्यांची बाटली म्हणजे लॉटरीच की! ती माझ्या दप्तरातच असायची.

पण दवाखान्यात एक झालं. कारखान्यातले एक गृहस्थ पप्पांना भेटायला आले. काय झालं विचारलं, पप्पांनी सांगितलं. तर ते डोळा बारीक करून म्हणाले, “स्वादुपिंड होय? मग किती वर्षं घेताय?”

“काय घेतोय?”

“आता आमच्यापाशी काय लपवायचं, मिस्त्री!”

पप्पांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. ते बोलायला गेले, खडा होता म्हणून. पण ते गृहस्थ “असू दे, असू दे” करत हसले आणि मोसंब्यांची पिशवी ठेवून गेले. पप्पा भिंतीकडं तोंड करून झोपले. संध्याकाळी आईला एवढंच म्हणाले, “बार्शीला यातलं काही कळता कामा नये. टायफॉईड सांग.”

आईनं टायफॉईड सांगितला.

घरी आल्यावर पप्पांना वाटलं, झालं, संपलं. मित्राच्या घरी पुरी-बासुंदी खाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी परत दवाखान्यात. पुन्हा सलाईन, पुन्हा उपाशी. या वेळी डॉक्टर आईला बाहेर नेऊन बोलले. स्वादुपिंड अजून भरून आलेलं नाही, आता पुन्हा असं झालं तर सोपं जाणार नाही. मी दाराआड उभी राहून ते सगळं ऐकलं.

मग आहारतज्ज्ञ मॅडम आल्या. मी त्यांच्यासमोर अशी बसले की पप्पा मागं राहिले. त्या म्हणाल्या, ताट भरून एकदा जेवायचं नाही, थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं. आणि तेल, तूप, लोणी, साय, खोबरं, शेंगदाणे, तीळ ही सगळी एकाच आईची लेकरं समजायची. मी विचारलं, मग चटणी? मग पिठलं? मग वांगं? मॅडम हसून म्हणाल्या, “डॉक्टर व्हायचंय का तुला?” मी म्हटलं, “सध्या मंत्री आहे.”

आणि मला या सगळ्याची काय मजा यायला लागली म्हणून सांगू! तेलाशिवाय स्वयंपाक म्हणजे आजाऱ्याचा, असं आई म्हणायची. मी जिरं कोरडंच भाजून खलबत्त्यात कुटायची आणि शिजलेल्या मुगाच्या वरणावर टाकायची. वरून लिंबू, कोथिंबीर. वांगं गॅसवर भाजून त्यात साय काढलेल्या दुधाचं दही आणि थोडी भाजलेली मिरची. पप्पा पहिला घास घ्यायचे, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची. “काय बघती?” “चव कळतीय का बघते.” हळूहळू त्यांच्या गालावर मांस दिसायला लागलं. सूज उतरत होती, माणूस चढत होता!

आणि तेवढ्यात आला धोंड्याचा महिना.

आईनं फोनवर बिचारीनं सांगायचा प्रयत्न केला. पण टायफॉईड बरा झालेल्या माणसाला तूप का चालत नाही, हे कसं सांगणार? म्हणून ती नुसतं ‘तेल चालत नाही’ म्हणाली. आणि आजीनं तेलाचा डबा फळीवर ठेवून तुपाची बरणी खाली घेतली.

तर मी कढईपाशी उभी होते.

“आजी, तूप पण नको ना. पप्पांना तूपसुद्धा…”

“कोण म्हणतंय?”

“डॉक्टर.”

“टायफॉईडमधून उठलेल्या माणसाला तूप नको म्हणणारा कसला गं डॉक्टर? वाळून कोळ झालाय माझा जावई. शर्टात दुसरा माणूस मावंल. आज त्याला तुपाशी जेवू घालते, बघ कसा टवटवीत होतो.” आणि तिनं आणखी एक धोंडा सोडला.

शैलामामी, म्हणजे माझ्या नंदूमामाची बायको, पुरणाचे गोळे करत होती. ती म्हणाली, “वन्संनी तेल म्हटलं तर अत्यांनी पाच किलो तूप कढवलं बाई दाजींसाठी. गल्लीत वास सुटलाय.”

मी आईकडं पाहिलं. आई देवापाशी वाती वळत होती. तिनं मान खाली घातली.

मी मागच्या दारी गेले. पप्पा हौदाच्या कठड्याला टेकून उभे होते.

“पप्पा, सगळं तुपात आहे.”

“ऐकलं मी.”

“मग?”

“मग काय? एक दिवस. थोडं खाईन.”

“थोडं कसं खाणार? मामा सोडेल का थोड्यावर? आणि पलीकडच्या पाटावर विलासकाका बसणार आहेत.”

विलासकाका म्हणजे मावशीचे मिस्टर, पोलिसात हवालदार. ते जेवायला बसले की वाढणाऱ्याला घाम फुटतो, आणि त्यांना दुसऱ्या जावयाला हरवल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

“सांगूया ना खरं काय ते,” मी म्हटलं. “मी सांगते. मला सगळं माहितीय.”

“शर्वाणी.” पप्पा मला पूर्ण नावानं क्वचितच हाक मारतात. “तू एक शब्द बोलायचा नाहीस. या घरात मला सगळे नीट ओळखतात. इथंही माझ्याकडं त्या मोसंबीवाल्यासारखं बघायला लागले, तर मी परत या उंबऱ्यात पाय ठेवू शकणार नाही. कळलं?”

“आणि पुन्हा दुखलं तर?”

त्यांनी हौदातलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडावर मारलं, आणि आत गेले.

मला एवढा राग आला होता! आणि भीतीपण वाटत होती. आणि खरं सांगायचं तर अंगात असं काहीतरी सळसळत होतं, जसं वक्तृत्वात नाव पुकारायच्या आधी सळसळतं. मी दप्तरातून, म्हणजे सोबत आणलेल्या पिशवीतून, बाटली काढून फ्रॉकच्या खिशात टाकली. अजून मी काही ठरवलं नव्हतं हं. नुसती टाकली.

पुढच्या सोप्यात दोन पाट मांडले होते, भोवती रांगोळी. भिंतीवर आजोबांचा फोटो होता, मी दोन वर्षांची असताना गेलेल्या आजोबांचा. त्याला ताजा हार. आजीनं दोन्ही जावयांना ओवाळलं. पप्पांच्या डोक्यावरची टोपी त्यांना मोठी होत होती, ती भुवयांवर आली. विलासकाका मांडी ठोकून बसले.

“काय साडू, आज किती?” त्यांनी विचारलं. “मागच्या वेळेला तुम्ही चारावर गळाठला होता.”

“आज तुमचाच मान,” पप्पा म्हणाले.

“असं कसं! आजारातून उठलाय, भरून काढा की.”

नंदूमामा तुपाचा तांब्या घेऊन आला. मामा म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात प्रेमळ माणूस आणि त्यामुळंच सगळ्यात धोक्याचा. त्यानं पप्पांच्या ताटात दोन धोंडे ठेवले, त्यातला एक हातानं फोडला. गरम पुरणातून वाफ आली. आणि त्यावर त्यानं तूप सोडलं. सोडलं म्हणजे ओतलं. ते पुरणात जिरलं, कडेनं वाहिलं, आमटीच्या वाटीला जाऊन टेकलं.

“नंदू, बास,” पप्पा म्हणाले.

“बास कुठं दाजी, ही तर सुरुवात हाय!”

आजी समोरच बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून, आनंदानं बघत. “घ्या जावईबापू. पहिला घास तुमचा. तुम्ही घेतल्याबिगर कुणी घ्यायचं न्हाई.”

पप्पांनी धोंड्याचा तुकडा मोडला. तुपात बुडवला, कारण बुडवायला दुसरी जागाच नव्हती. बोटांतून तूप गळत होतं. हात तोंडाकडं निघाला. आणि मी बघितलं, त्यांचा दुसरा हात, डावा, पोटावर गेला होता. दुखत नव्हतं अजून. पण हात आधीच जाऊन बसला होता तिथं.

“थांबा!”

हे मीच ओरडले. इतक्या मोठ्यानं, की मामाच्या हातातला तांब्या हिंदकळला.

“शर्वू, गप बस,” आई म्हणाली.

“नाही बसणार. पप्पा, ते ताटात ठेवा. आजी, पप्पांना टायफॉईड झाला नव्हता. त्यांच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. पॅनक्रियाटायटिस. दोनदा! दुसऱ्यांदा पुरी-बासुंदीनं. आता पुन्हा झालं तर सोपं जाणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत, मी दाराआडून ऐकलंय. त्यांना तेल चालत नाही म्हणजे तूपपण चालत नाही. तूप हा तेलाचा सख्खा भाऊच आहे!”

मग विलासकाकांनी हळूच शीळ घातल्यासारखा आवाज काढला.

“पॅनक्रिया?” ते म्हणाले. “मला माहितीय हा आजार. आमच्याकडं दोन जणांना झालाय. दोघंही चांगले पट्टीचे… हे…” आणि त्यांनी अंगठा तोंडाशी नेला. “साडू, तुम्ही? कधीपासून? पत्ता लागू दिला नाहीत!”

पप्पांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. नुसते त्या भुवयांवर आलेल्या टोपीखाली बसून राहिले. मला वाटलं, मी जगातली सगळ्यात मूर्ख मुलगी आहे. जे होऊ नये म्हणून ते विष खायला निघाले होते, तेच मी करून बसले होते.

पण तोंड उघडलंच होतं. मी खिशातून बाटली काढली आणि विलासकाकांच्या ताटापुढं ठेवली. खडखड वाजली.

“हे काय?”

“पप्पांचे खडे. पित्ताशयातले. डॉक्टरांनी स्वतः दिलेत. यातलाच एक घसरून नळीच्या तोंडाशी अडकला. न्हाणीच्या मोरीत केसांचा बोळा अडकल्यावर पाणी कसं मागं फिरतं? तसं झालं. खडे कुणालाही होतात. आमच्या शेजारच्या जोशीकाकूंना झाले, त्या एकादशीला पाणीसुद्धा विचारून पितात!”

मामीला हसू आलं, तिनं तोंड दाबलं. विलासकाकांनी बाटली उजेडात धरली, मग पटकन खाली ठेवली आणि हात पंच्याला पुसला.

“ते ठीक आहे गं,” ते म्हणाले. “पण खडे असले म्हणून पीत नाहीत असं थोडंच आहे? माणूस सांगतो का कधी?”

“विलासराव.”

आजीचा आवाज मोठा नव्हता. पण विलासकाका थांबले.

आजी उठली, बाटली उचलून घेतली आणि पदरानं पुसली. मग भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडं न बघताच तिकडं बोट केलं.

“ह्यांच्याबरोबर संसार केलाय मी,” ती म्हणाली. “पिणारा माणूस ताटावर कसा बसतो, ते मला शिकवू नका.”

मामा म्हणाला, “आई, राहू दे.”

“का राहू दे? जल्मभर राहूच दिलंय न्हवं. पोरींच्या लग्नात अडचण नको म्हणून राहू दिलं, गेल्यावर वाईट बोलू नये म्हणून राहू दिलं.” ती पप्पांच्या पाटासमोर खाली बसली. “पिणारा माणूस दुसऱ्याचं मन राखाय जेवत न्हाई, विलासराव. त्याला ताटातलं आवडलं न्हाई की तो ताट भिरकावतो. ह्याच सोप्यातनं किती ताटं अंगणात गेली, ते ह्या दोन पोरींना विचारा. गोळा त्याच करायच्या. आनि हा माणूस बघा. जिवावर बेतणार हे माहीत असून सासूला नको म्हणंना. घास उचलला त्यानं. असा पिणारा असतोय व्हय?”

मी आईकडं पाहिलं. आईनं तोंडाला पदर लावला होता आणि मावशी तिचा हात धरून बसली होती. मला यातलं काही, काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. आजोबांच्या फोटोला हार असतो, एवढंच माहीत होतं.

पप्पांनी टोपी काढली. “अत्या,” ते आजीला म्हणाले, “मला माहीत होतं. लग्नाच्या वेळी हिनं सगळं सांगितलं होतं. म्हणूनच तर… तुम्हाला परत तेच वाटायला नको, म्हणून.”

मग एकदम आजीच्या तोंडाचा पट्टा सुटला.

“म्हणून टायफॉईड? म्हणून माझ्या हातानं माझ्याच जावयाला मारायला लावत होता? लाज न्हाई वाटत? पाच किलो तूप कढवलं मी! आनि तू गं,” हे आईला, “तुला फोनवर बोलाय काय झालं हुतं? उचला ते ताट. नंद्या, तांब्या ने तिकडं. विलासराव, तुम्ही जेवा, तुमच्या खड्यांचं काय ते तुम्ही बघा.”

“माझ्या खड्यांचं?” विलासकाकांचा घास हातातच राहिला.

“आनि शर्वे, तू काय उभी? बिनतुपाचा धोंडा कसा करायचा सांग.”

मला! विचारलं! आजीनं!

मी स्वयंपाकघरात अशी घुसले की मामी बाजूला झाली. कणीक आजीनं तुपाचं मोहन घालून मळली होती, ती नाही चालायची. नवीन भिजवली, नुसत्या पाण्यात, चिमूटभर मीठ घालून. पुरणात तूप नव्हतं, नुसती डाळ, गूळ, वेलदोडा. वाचलो! मामीनं पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, त्यावर चाळण. मी धोंडे भरले, माझे जरा वाकडेतिकडे झाले, आणि चाळणीत ओळीनं मांडले. झाकण ठेवलं.

“आनि तुपाऐवजी वर काय? कोरडा कसा उतरंल?” आजीनं विचारलं.

“गुळवणी!” मी आणि मामी एकदमच ओरडलो.

गुळाचं पाणी, सुंठ, वेलदोडा, एक उकळी. झालं. आजीनं उरलेल्या कटाची बिनफोडणीची आमटी वेगळ्या पातेल्यात उकळली, मी तिच्यात जिरं भाजून कुटून टाकलं. आजीनं बोटावर घेऊन चाखली.

“तूप न्हाई, तरी तोंडाला पाणी सुटतंय की गं.”

“मग! तेल-तुपानं चव येत नाही आजी. चव आधीच असते.”

“जास्त शहाणी झालीस,” ती म्हणाली, पण दुसऱ्यांदा चाखलीच.

पप्पा पुन्हा पाटावर बसले. उकडलेला एक धोंडा, चकचकीत, पांढुरका, अंगावर वाफ. मामानं गुळवणीचा तांब्या घेतला आणि तसाच धबाधबा ओतला, सवयच ती. पप्पांनी तुकडा मोडला, बुडवला, खाल्ला. आम्ही सगळे उभे. विलासकाकासुद्धा जेवायचं थांबून बघत होते.

“कसा झालाय?” आजी.

पप्पांनी नुसती मान हलवली आणि दुसरा तुकडा मोडला. त्यांचा डावा हात मांडीवर होता.

एक धोंडा, थोडा भात, आमटी. तेवढ्यात मामा आला, “दाजी, अजून एक, माझ्या नावानं.” आणि आजीनं, धोंड्याच्या महिन्यात, जावयाच्या ताटावर आपला हात आडवा धरला.

“बास. उठा आता, जावईबापू.”

“अत्या, अजून अर्धा…”

“उठा म्हणते न्हवं! तीन तासांनी मिळंल.”

नंदूमामा हतबुद्ध होऊन आईकडं बघत राहिला. मामीला आता हसू आवरेना, मग मावशीला, मग आईला. सासू जावयाला ताटावरून उठवतेय असं बार्शीत कुणी कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही. आणि आजी तेवढ्यावर थांबली नाही. बाटली मुठीत घेऊन ती चपला घालून निघाली. “गल्लीत दाखवून येते,” म्हणाली. “उद्या कुणाच्या कानावर गेलं तर आधी खरं गेलेलं बरं.” माझी बाटली मला परत मिळालीच नाही. विलासकाकांनी मात्र जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, ते खडे पोटाच्या नक्की कुठल्या फोटोत दिसतात म्हणून.

संध्याकाळी आम्ही सोलापूरची एसटी धरली. आई पुढच्या बाकावर, मी आणि पप्पा मागं, आमच्या शेजारी पटका बांधलेले एक आजोबा. पप्पा दुपारपासून माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. घरातून निघताना नाही, स्टँडवर नाही. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते: पप्पा, मला माहितीय तुम्ही सांगितलं होतं… पप्पा, मी ठरवलं नव्हतं… एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

वैराग गाव मागं पडल्यावर आजोबांनी मांडीवर फडकं सोडलं. भाकरी, आणि वर शेंगदाण्याची लालभडक चटणी, तेलात थबथबलेली. त्यांनी अर्धी भाकरी मोडून पप्पांपुढं केली.

“घ्या की पाव्हणं.”

इथं सासुरवाड नव्हती, नाती नव्हती. नुसतं ‘भूक नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“नको बाबा,” पप्पा म्हणाले. “भाकरी द्या कोरडी, ती घेतो. चटणी नको. माझ्या स्वादुपिंडाला सूज आली होती.”

“कशाला?”

“स्वादुपिंडाला. पोटात असतं.” पप्पांनी आवाज मुळीच खाली आणला नाही. पुढच्या बाकावरून आईनं मान वळवली.

आजोबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “पिता व्हय?”

आणि माझे पप्पा हसले. दवाखान्यातून आल्यापासून असे हसले नव्हते. “नाही हो बाबा. विचारलंत ते बरं केलंत. खडा होता. आता कसं झालं सांगतो…”

आणि त्यांनी सांगायला घेतलं. दुपारी फरशीवर पडल्यापासून सगळं. अडकलेला खडा, सलाईन, पुरी-बासुंदी, टायफॉईडची थाप, सगळं. पुढच्या बाकावरची माणसं वळून ऐकायला लागली. कंडक्टर तिकिटं फाडायचं थांबून उभा राहिला. रंगात येऊन पप्पांनी शर्टावरून पोटाच्या डाव्या बाजूला हात ठेवला आणि म्हणाले, “हे बघा, इथं, इथं असतं पित्ताशय.”

पित्ताशय उजवीकडं असतं. डावीकडं नाही. हे आमच्या शाळेत पाचवीतल्या पोरांनाही मीच शिकवलं होतं. माझं तोंड उघडलं, जिभेवर शब्द आला.

मग मी तो गिळून टाकला, आणि पप्पांना सांगू दिलं.